फुलांची अदब

श्रोतेहो, माझे अब्बा फुलं विकायचे. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या पेठेत आमचं लहानसं दुकान होतं. दुकान कसलं, लाकडी फळीवर मांडलेल्या चार पाट्या. सकाळी देवळासाठी हार, गुरुवारी दर्ग्यासाठी चादर, लग्नसराईत मुंडावळ्या आणि सेहरे. एकाच पाटीतला मोगरा दोन्हीकडं जायचा. अब्बांचा एक नियम होता. जमिनीवर पडलेलं फूल ते हारात ओवत नसत, पण त्याच्यावर कुणाला पायही देऊ देत नसत. रात्री दुकान बंद करताना ती सगळी फुलं वेचायची आणि मागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी टाकायची, हे काम माझं.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एकदा गणपती होऊन गेल्यावर, धंद्याची धांदल ओसरली तेव्हा, अब्बा मला एसटीनं कासच्या पठारावर घेऊन गेले. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढून गेलं की पठार लागतं. खाली उतरलो आणि मी थक्क झालो. दुकानात चार पाट्या फुलं बघणारा मी, इथं नजर पोचेल तिथवर फुलंच. मी धावत सुटलो तसा अब्बांनी मला दंडाला धरून थांबवलं. म्हणाले, ‘‘ये फुलां अपने नई, बेटा.’’ फुलं विकून घर चालवणारा तो माणूस त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभा राहिला, डोळे भरून बघितलं आणि एकही फूल न खुडता परत फिरला.

ही आठवण मी बरीच वर्षं कौतुकानं सांगत आलो. पण आज तिला जोडून दुसरी एक गोष्ट सांगायची आहे, जी सांगताना मला कौतुक वाटत नाही.

पंधराएक वर्षं झाली असतील. साताऱ्यात एक कविसंमेलन होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सात-आठ कवी गाडी करून कासला गेलो. निळ्याजांभळ्या फुलांचा गालिचा पसरला होता. सीतेची आसवं म्हणतात ती फुलं. कुणीतरी म्हणालं, ‘‘फोटो काढू या.’’ आणि आम्ही त्या फुलांत जाऊन बसलो. मी तर चक्क आडवा झालो, कोपरावर डोकं टेकवून. फोटो इतका छान आला की पुढच्या वर्षी माझा संग्रह निघाला तेव्हा मलपृष्ठावर तोच छापला. ‘निसर्गात रमलेला कवी’ असं एका परिचयात लिहूनही आलं.

फोटो काढून आम्ही उठत होतो तेव्हा एक बाई आली. जवळच्याच गावातली, हातात काठी. राखणीला होती. तिनं आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, ‘‘काका, कशावर बसलाय ते बघा की जरा.’’ मी खाली बघितलं. मी उठलो तिथं माझ्या अंगाएवढा चिखल झाला होता.

श्रोतेहो, त्या वेळी मी मनात म्हटलं, फुलंच ती, पुन्हा येतील. ती का येत नाहीत, हे मला नंतर कळलं.

कासचं पठार म्हणजे सुमारे बाराशे मीटर उंचीवरचा जांभ्याचा कातळ. त्यावर मातीचा थर कुठं वीतभर, कुठं बोटभर, तर कुठं नाहीच. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तिथं उघडा खडक असतो. म्हणजे तिथल्या बहुतेक इवल्याशा झाडांना आपला सगळा संसार त्या चार महिन्यांत उरकायचा असतो. रुजायचं, वाढायचं, फुलायचं, बी धरायचं आणि माती वाळायच्या आत ते बी तिच्या स्वाधीन करायचं. सप्टेंबरमध्ये आपण बघतो ते फूल म्हणजे पुढच्या वर्षीच्या फुलाची तयारी असते. बी धरण्याआधी ते चिरडलं तर नुसतं एक फूल जात नाही, त्याच्या मागं यायची होती तीही जातात. आणि पायाखाली दाबून घट्ट झालेल्या मातीत उरलंसुरलं बीही सहज रुजत नाही.

ज्या सीतेच्या आसवांवर मी लोळलो, त्या झाडाला धड मुळंही नसतात. तिथली माती इतकी निकस की नुसत्या मातीवर त्याचं पोट भरत नाही. म्हणून त्याच्या अंगावर बारीक पिशव्या असतात. ओल्या मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पिशव्यांत पकडून ते जगतं. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती असते. तिच्या पानांवरचे चिकट थेंब दवासारखे चमकतात आणि त्याला किडे चिकटतात. डबक्यांच्या काठाला वायतुरा असतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, कंदीलपुष्प अशा साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची इथं नोंद आहे. म्हणूनच 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं आली. कोयना, चांदोली, राधानगरी आणि आमचं कास.

मान मिळाला आणि गर्दी वाढली. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागायला लागली. मग वनखातं आणि आसपासच्या गावांच्या समित्या यांनी मिळून व्यवस्था लावली. प्रवेशशुल्क आलं, आगाऊ नोंदणी आली, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली. कुंपणही आलं. त्या कुंपणावरून पुढं बराच वाद झाला. गावकऱ्यांचं आणि काही अभ्यासकांचंही म्हणणं असं की कुंपणानं गुरं चरायची थांबली, गवत माजलं आणि त्याखाली फुलं दबली.

या वादात मी एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर मी विसरलेलो नाही. ‘‘म्हस खाती आन् फुडं जाती. तुमी लोकं बसता.’’

खरं आहे. पिढ्यान् पिढ्या त्या पठारावर गुरं चरली आणि फुलंही फुलली. कुंपण घालायची पाळी आली ती आपल्यासारख्यांमुळं, फुलं आवडतात म्हणून येणाऱ्यांमुळं. मला हेच नवल वाटतं. तिथं नासधूस करायला कुणी मुद्दाम येत नाही. लहान मुलाला फुलांत बसवून फोटो काढणारी आई प्रेमानंच काढते. बायकोच्या केसांत माळायला तेरडा तोडणारा नवरा हौसेनंच तोडतो. हल्ली मोबाइलवर रील करायला फुलांतून नाचत जाणाऱ्या मुलींनाही ती जागा आवडलेलीच असते. मीही आवडलं म्हणूनच लोळलो होतो. आपल्याकडं आवडीला तोटा नाही. कमी पडते ती अदब.

अदब म्हणजे भीती नव्हे. कुणाच्या घरी गेल्यावर आपण न सांगता चपला दाराशी काढतो. देवळात, मशिदीत, दर्ग्यात आवाज आपोआप खाली येतो. तिथं कुणी काठी घेऊन उभं नसतं. ही जागा आपली नाही, आपण इथं पाहुणे आहोत, एवढं कळणं म्हणजे अदब. तिकीट काढलं की मात्र आपण पाहुणे राहत नाही, गिऱ्हाईक होतो. पैसे मोजलेत, मग जवळ जाऊन बघू दे, हात लावू दे, आत बसू दे. पठारावरच्या राखणदारांना दिवसभर हेच ऐकावं लागतं, वर ‘तू कोण सांगणारी?’ हेही.

तीच गत कचऱ्याची. पठाराच्या पुढं कासचा तलाव आहे. शंभराहून जास्त वर्षं साताऱ्याला त्याचं पाणी येतं. मी त्याच पाण्यावर वाढलो. काही वर्षांपूर्वी तलावाच्या काठाची सफाई करायला गावातले लोक गेले, त्यांच्यात मीही होतो. एका सकाळत मी एकट्यानं तीन पोती भरली. दारूच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या. त्यातल्या पुष्कळ साताऱ्याच्याच लोकांनी टाकलेल्या असणार. सकाळी ज्या पाण्याचा चहा प्यायचा, त्याच पाण्याच्या काठी संध्याकाळी बाटली फोडायची. याला काय म्हणावं, मला कवी असून शब्द सापडत नाही.

ती सफाई करून परतताना मी मुद्दाम पठारावर थांबलो. आम्ही फोटो काढला होता ती जागा एका खडकाच्या खुणेनं मला ठाऊक होती. आमच्यानंतर तिथं कितीजण बसले असतील कोण जाणे. आजूबाजूला निळंजांभळं फुललं होतं आणि मधे तेवढा तुकडा बोडका होता. मला कडुनिंबाचा बुंधा आठवला. पडलेलं फूलसुद्धा तुडवायचं नाही हे ज्या घरात शिकलो, त्या घरातला मी.

संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी प्रकाशकांना तो फोटो काढायला सांगितला. त्यांना वाटलं, वय दिसतं म्हणून. मी तेव्हा काही बोललो नाही. ते आज इथं सांगून टाकलं.

आता फुलांचे दिवस येतील. तुम्ही कासला जरूर या. जमलं तर सुट्टीचा वार टाळून या. पायवाट सोडू नका. ओला, रिकामा दिसणारा कातळही रिकामा नसतो, त्यावरही पाय देऊ नका. नेलेलं सगळं परत आणा. राखणीला असलेल्या बाईनं काही सांगितलं तर ऐका. तिला त्या फुलांची नावं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. आणि सोबत पोर असेल, ते फुलं बघून धावत सुटलं, तर त्याला रागावू नका. हलकेच दंडाला धरा आणि त्याला तुमच्या भाषेत सांगा, बाळा, ही फुलं आपली नाहीत.