संगणकातला आपला 'ळ'

मारुंजीहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आमच्या गटाची यादी आम्ही टायपिंगच्या दुकानातून मराठीत करून घेतली होती. कागदावर झकास छापून आली. तीच फाईल एका कार्यालयात दिली, तर तिथल्या पडद्यावर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा नुसता काला! मग तिथं इंग्रजी स्पेलिंग बघून नावं नव्यानं टाकली. 'काळे'चं 'काले' झालं, 'माळी'चं 'माली'. दोन कागदांवर दोन नावं असली, की बाई नक्की कोणती, हा प्रश्न पैसे निघायच्या वेळीच पुढं येतो. नावं सरळ होईस्तोवर तीन हेलपाटे झाले, तीन दिवसांची मजुरी बुडाली.

असं का होतं, ते आम्ही विचारून घेतलं. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. अमेरिकेत १९६३ साली कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याची यादी ठरली. तिचं नाव आस्की. जागा फक्त १२८. इंग्रजीची लहानमोठी अक्षरं, आकडे, खुणा आणि यंत्राचे हुकूम यांतच त्या संपल्या. घराघरात आलेले पहिले संगणक हीच यादी घेऊन आले. जर्मन लोकांची तर दोन टिंबांची मोजकीच अक्षरं जास्तीची, पण त्यांनाही कंसांच्या जागा काढून तिथं ती बसवावी लागली. मग आपला काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरांचा एवढा मोठा संसार कुठं मावणार?

ही अडचण सोडवण्यात आपल्या पुण्याचा मोठा हात आहे. काम सुरू झालं कानपूरच्या आयआयटीत, पुढं ते पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेत आलं. संगणकाच्या पोटात खोचायचं एक कार्ड त्यांनी केलं, जिस्ट कार्ड. आस्कीच्या १२८ जागा तशाच ठेवून वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसवल्या. त्या यादीला इस्की म्हणतात. १९९१ साली ती सरकारी मानक झाली. त्यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, पण बोलताना 'क' आधी येतो. यंत्रात ते बोलण्यासारखंच साठवलं, आधी क, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी पुढं आणायचं काम कार्डाचं. शिवाय मराठी, गुजराती, तमिळ सगळ्यांच्या 'क'ला आकडा एकच.

पण दुकानादुकानांत चालले ते निराळेच फॉन्ट. त्यात आकडा इंग्रजी अक्षराचाच, वरून मराठीचं सोंग. बहुरूप्यानं पोलिसाचा वेश घेतला म्हणून तो पोलीस होत नाही, तसंच हे. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकात नसला की सोंग उतरतं. आमच्या यादीचं तेच झालं होतं.

१९९१ सालीच जगातल्या लिप्यांसाठी युनिकोड नावाची यादी निघाली. तिच्यात देवनागरीचा १२८ जागांचा स्वतंत्र खण आहे, मांडणी मुख्यतः इस्कीवरूनच घेतलेली. 'ळ'ला स्वतःचा आकडा आहे. 'कुऱ्हाड' आणि 'बिऱ्हाड' यांतला आडवा र लिहायला लागणारा 'ऱ' पण आहे. म्हणूनच आज मोबाईलवरून मोबाईलवर मराठी धड पोचते.

तेव्हा दुकानात काम देताना आधीच सांगायचं, "दादा, युनिकोडमध्ये करा." खात्री करायची तर फाईलमधलं एक नाव उचलून व्हॉट्सअॅपच्या संदेशात चिकटवायला लावा. मराठीच राहिलं तर ठीक, वेडंवाकडं झालं तर पैसे द्यायच्या आधी परत करून घ्या. नुसता छापील कागद बघून हे कळत नाही.

आणि 'ळ' सापडत नाही असं कुणी म्हणालं, तर संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून 'ल'चं बटण दाबायला सांगा. 'ऱ' हवा असेल तर शिफ्ट आणि 'र'. 'कुऱ्हाड'साठी आधी 'कु', मग 'ऱ', मग पाय मोडायचं बटण, मग 'हाड'.