शिडीखाली बसलेले सहा जण

सलाम मित्रांनो, आणि नमस्कार! आमच्याकडे नगरच्या मराठी ख्रिस्ती घरांत कुणी भेटलं की 'सलाम' म्हणतात, म्हणून आज सुरुवात तशीच. आजची गोष्ट एका कॅम्पची आहे. आधीच सांगतो, या गोष्टीत मी काही हिरो-बिरो नाही.

मी नववीत होतो. नाताळ झाला आणि आमच्या चर्चच्या तरुण संघाने मुलांसाठी कॅम्प काढला. १३ ते १७ वयाची २४ मुलं, भंडारदऱ्याच्या पाण्याजवळ तंबू. सकाळी प्रार्थना आणि बायबलचा पाठ. मग दिवसभर दोराच्या गाठी मारणं, चूल पेटवणं, सरपण गोळा करणं. घरी स्वतःचं ताट न उचलणारे आम्ही तिथे राखेने पातेली घासत होतो. संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी आणि साक्ष. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते उभं राहून सांगायचं. आम्ही काय सांगणार? गणितात पास झालो, आजीचा ताप उतरला. खरं असं कुणीच काही बोलत नव्हतं.

आमचे सहा-सहाचे चार गट होते आणि प्रत्येक गटाला एक दादा. या पद्धतीचा इतिहास मला बऱ्याच वर्षांनी कळला. १८८३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात विल्यम अलेक्झांडर स्मिथ नावाच्या संडे स्कूलच्या शिक्षकाने 'बॉइज ब्रिगेड' सुरू केली. वर्गात दंगा करणाऱ्या मुलांसाठी कवायत, खेळ आणि पुढे कॅम्पसुद्धा. मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर जेमतेम वीसेक मुलांचा कॅम्प घेतला. काही मुलं बड्या शाळांमधली, काही बॉइज ब्रिगेडमधली, साध्या घरची. त्यांना एकत्र मिसळून चार छोट्या तुकड्या केल्या. स्काउटिंगची सुरुवात तिथली.

तुकडी छोटी का? मला वाटतं, पन्नास जणांच्या घोळक्यात एखादा मागे राहिला तर पत्ता लागत नाही. सहांत लगेच लागतो. पण हे सगळं आता सुचतंय. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त कळसूबाई होती.

कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर! कॅम्पच्या शेवटच्या रात्री बारी गावातून चढायचं आणि वरून सूर्योदय बघायचा, असं ठरलं होतं. तीनच्या सुमारास निघालो. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वाटेत कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या लागतात. पहिली चढलो. दुसऱ्या शिडीला आमचा बारक्या तीन पायऱ्या चढला आणि थांबला. दोन्ही हातांनी गज घट्ट धरलेला, पाय लटलट कापतायत.

"दादा, मला नाही जमणार."

मागून मी ओरडलो, "अरे चल ना घाबरट! मुलींसारखं काय करतोस?"

दादा मला एवढंच म्हणाला, "तू गप." मग त्याने बारक्याचा एकेक पाय धरून त्याला खाली घेतलं, कड्याला टेकवून बसवलं आणि आम्हाला सांगितलं, "सहा वर जातील, नाहीतर सहा इथेच बसतील."

आम्ही बसलो. बाकीचे तीन गट आमच्या बाजूने वर गेले. त्यांच्या टॉर्चचे ठिपके चढत चढत दिसेनासे झाले. मी एवढा चिडलो होतो की बारक्याकडे बघतसुद्धा नव्हतो.

त्या सकाळचा पाठ हरवलेल्या मेंढराचा होता. शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून त्याला शोधायला जातो. लहानपणापासून ऐकलेला दाखला. दर वेळी मला वाटायचं, ते हरवलेलं मेंढरू म्हणजे मी. त्या शिडीखाली पहिल्यांदा लक्षात आलं, की मी नव्व्याण्णवांतला आहे. आणि मेंढपाळ आपल्याला सोडून गेला म्हणून मला राग आलाय.

बऱ्याच वेळाने बारक्या आपणहून बोलला. त्याचे पप्पा बिल्डिंगला रंग द्यायचं काम करायचे. वर्षापूर्वी परांचीवरून पडले. हा डबा घेऊन गेला होता, खाली उभा होता. त्याने बघितलं. तेव्हापासून पप्पांची कंबर गेली आणि ते घरीच होते.

आम्ही एकाच बाकावर संडे स्कूलला बसायचो हो! त्याचे पप्पा चर्चला येईनासे झाले, हे मला दिसलं होतं. मला वाटलं, आळशी झाले असतील. विचारलं कधीच नाही.

उजाडलं. वरून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. त्यांना सूर्य दिसला होता.

शेवटच्या शेकोटीला मी उभा राहिलो आणि बारक्याला काय बोललो होतो, ते सगळ्यांसमोर सांगून त्याची माफी मागितली. माझी पहिली खरी साक्ष ती. घरी परतल्यावर आम्ही पाचही जण त्याच्या पप्पांना भेटायला गेलो. भेटून काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून नुसते चहा पिऊन आलो. पण मग जात राहिलो.

बारक्या आजही शिडी चढत नाही. कॅम्पला मात्र येतो. चूल त्याच्याच ताब्यात असते. आणि मी आता दादा आहे. ट्रेकला सगळ्यांच्या मागे चालतो, कारण थांबलेला मुलगा मागूनच दिसतो. नंतर कळसूबाईला दोनदा जाऊन आलो. सूर्योदय छान असतो, नाही म्हणत नाही.

जाता जाता, तुम्ही स्वतः अशा एखाद्या कॅम्पला निघाला असाल किंवा धाकट्या भावाला पाठवत असाल, तर तीन प्रश्न नक्की विचारा. एका मोठ्या माणसामागे किती मुलं? सगळ्यात शेवटी कोण चालतो? आणि एखाद्याला नाही जमलं, तर बाकीचे काय करतात?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटकन मिळालं नाही, तर जरा थांबा.

चला, पुढच्या भागात भेटू. सलाम!