कोट हातात देणारा माणूस : ब्रेख्त वाचताना

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'ब्रेख्तच्या कविता आणि नाटकं'. बर्टोल्ट ब्रेख्तने दोन हजारांहून अधिक कविता लिहिल्या, नाटकं तर ढीगभर. अर्ध्या तासात ते सगळं उरकायचं म्हणजे बिर्याणीचा नुसता वास देऊन पाहुण्याला परत पाठवण्यासारखं होईल. म्हणून मी एकच कोट घेऊन आलो आहे. अंगात घालायचा कोट. त्याच्यापासून सुरुवात करू आणि जमेल तेवढं फिरून येऊ.

'थर्ड राईशचं भय आणि दैन्य' असं ब्रेख्तचं एक नाटक आहे. हिटलरच्या राजवटीत साधी माणसं कशी जगत होती, याचे छोटे छोटे सुटे प्रवेश त्यात आहेत. ते त्याने १९३५ ते १९३८ या काळात लिहिले. तेव्हा तो जर्मनीत नव्हता. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री बर्लिनमधल्या संसदेच्या इमारतीला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी तो बायकोला घेऊन देशाबाहेर पडला. बायको हेलेना वायगेल, मोठी अभिनेत्री आणि ज्यू. मे महिन्यात त्याची पुस्तकं चौकात जाळली गेली. १९३५ मध्ये त्याचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. डेन्मार्कमध्ये बसून तो हे प्रवेश लिहीत होता. त्यातले आठ १९३८ च्या मे महिन्यात पॅरिसला रंगमंचावर आले आणि त्यांत वायगेल स्वतः होती.

यातल्या एका प्रवेशाचं नाव आहे 'ज्यू बायको'. स्थळ फ्रँकफुर्ट, साल १९३५. ज्युडिथ नावाची बाई सामान भरते आहे. तिचा नवरा फ्रिट्झ डॉक्टर आहे, दवाखान्यात वरच्या हुद्द्यावर, आणि तो ज्यू नाही. बायको ज्यू असल्यामुळे त्याची जागा धोक्यात आली आहे, म्हणून तिने अ‍ॅमस्टरडॅमला निघून जायचं ठरवलं आहे. ती एकेकाला फोन करते. पत्त्यांच्या डावातले सोबती, नणंद, मैत्रीण. सगळ्यांशी बोलणं हवापाण्याचं, 'थोडे दिवस बाहेर जातेय' एवढंच. फोन संपल्यावर ती नवरा समोर आहे असं समजून त्याच्याशी बोलण्याची तालीम करते. एकदा शांतपणे, एकदा चिडून, एकदा रडवेली होऊन. या तालमीत ती त्याला बजावते की काही आठवड्यांचाच प्रश्न आहे असं मला सांगू नकोस, आणि ते सांगता सांगता माझा फरचा कोट माझ्या हातात देऊ नकोस. कारण त्या कोटाची गरज पुढच्या हिवाळ्यापर्यंत लागणार नाही.

मग खराखुरा फ्रिट्झ आत येतो. तालमीतलं ती जवळजवळ काहीच बोलत नाही. दोघं सभ्यपणे, एकमेकांना जपत बोलतात. शेवटी ती कोट मागते. तो देतो. आणि म्हणतो, काही आठवड्यांचाच तर प्रश्न आहे.

एवढाच प्रवेश. ना पोलीस, ना मारहाण, ना घोषणा. पण तो कोट हातात आला की सगळं कळतं. काय चाललं आहे ते फ्रिट्झला ठाऊक आहे, ज्युडिथलाही ठाऊक आहे, आणि दोघं मिळून ते ठाऊक नसल्याचं नाटक वठवतात.

मी हा प्रवेश तरुण मुलामुलींसमोर वाचतो तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. 'सर, हे तर आपलंच आहे.' भाड्याचं घर फोनवर रिकामं असतं आणि नाव सांगितलं की कालच गेलेलं असतं, हा अनुभव इथे बसलेल्या किती जणांना आहे हे मी हात वर करायला सांगून मोजणार नाही. ज्युडिथचे फोन आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत. तरी एक सावधगिरी बाळगा. त्या देशात पुढच्या दहा वर्षांत जे झालं त्यात साठ लाख ज्यू मारले गेले. त्याची उपमा उठसूट वापरली तर आपण त्या मेलेल्यांचाही अपमान करतो आणि आपल्या प्रश्नाचा नेमकेपणाही घालवून बसतो.

पण मला आज बोलायचं आहे ते फ्रिट्झबद्दल. आपण सगळे ज्युडिथच्या खुर्चीवर जाऊन बसतो. बाजूची खुर्ची कोणी बघतच नाही. फ्रिट्झ दुष्ट नाही. तो बायकोवर प्रेम करतो, चांगला डॉक्टर आहे, हिटलरचा भक्त तर अजिबात नाही. तो फक्त कोट हातात देतो.

आता आपल्या मोहल्ल्यात या. एखादी बाई तोंडी तलाकाविरुद्ध उभी राहते, कोर्टात जायचं म्हणते. तिला शिव्या देणारे थोडेच असतात. बाकीचे भले लोक, शिकलेले, नमाजी, प्रेमळ. ते तिला समजावतात, 'बेटा, थोडे दिवस माहेरी जा. वातावरण निवळू दे. आत्ता बाहेरचे लोक टपून बसलेत, आपली भांडणं चव्हाट्यावर कशाला?' हा कोट आहे. मीही तो दिलेला आहे. एकदा नव्हे, दोनदा. 'आत्ता वेळ बरोबर नाही' हे वाक्य मी स्वतःच्या तोंडून ऐकलं, तेव्हा हा प्रवेश वाचून बरीच वर्षं झाली होती. म्हणजे वाचल्याने माणूस आपोआप सुधारतो असं काही नाही.

याच नाटकात आणखी दोन प्रवेश आहेत, ते जरूर वाचा. एकात एक न्यायाधीश आहे. हिटलरच्या वर्दीवाल्यांनी एका ज्यू जवाहिऱ्याच्या दुकानावर हल्ला केला आहे आणि हा खटला त्याच्यापुढे आहे. कोणताही निकाल द्यायला तो तयार आहे, अडचण एवढीच की वरच्यांना नेमका कोणता हवा आहे ते त्याला कळत नाही. जो येतो तो वेगळाच इशारा देऊन जातो. वाचताना हसू येतं आणि मग ते हसू घशात अडकतं. दुसरा प्रवेश एका मास्तरांच्या घरातला. नवरा-बायको सरकारबद्दल दोन शब्द बोलून जातात, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की मुलगा घरात नाही. तो आपल्यावर चुगली करायला तर गेला नाही? दोघांची पाचावर धारण बसते. मुलगा परत येतो, हातात खाऊची पुडी. पण तो नुसता खाऊ आणायलाच गेला होता का, याची खात्री आईबापांना तरीही होत नाही.

ब्रेख्तच्या नाट्यतंत्राबद्दल पुस्तकांत भलं मोठं लिहिलेलं असतं. त्याचा गाभा सोपा आहे. प्रेक्षकाने पात्रात विरघळून जाऊन रडू नये, थोडं लांब राहून बघावं आणि विचारावं, हा माणूस असं का वागला, वेगळं वागता आलं असतं का? त्यासाठी तो मध्येच गाणं घालतो, पाटी लावतो, पुढे काय घडणार ते आधीच सांगून टाकतो. कथा थांबवून थेट प्रेक्षकांशी बोलणारा सूत्रधार किंवा सोंगाड्या बघत वाढलेल्या मराठी माणसाला यात फार परकं काही वाटू नये. म्हणूनच तो मराठीत लवकर रुळला. विजया मेहतांनी चिं. त्र्यं. खानोलकरांकडून 'अजब न्याय वर्तुळाचा' करून घेतलं. १९७८ मध्ये पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं आणि ते जब्बार पटेलांनी बसवलं. त्याच पिढीतले हबीब तन्वीर १९५६ मध्ये ब्रेख्तला भेटायच्या ओढीने बर्लिनला पोचले, तोवर ब्रेख्त वारला होता. मग ते तिथेच काही महिने राहून त्याच्या मंडळींची नाटकं बघत बसले. पटेल, तन्वीर ही आपल्याच घरातली नावं. 'नाटक-बिटक आपल्या लोकांचं काम नव्हे' असं कोणी म्हणालं तर ती त्यांना सांगा.

आता कविता. त्या मला नाटकांपेक्षा जास्त आवडतात, कारण त्या बोलल्यासारख्या आहेत. कठीण शब्द नाहीत, अलंकार जवळजवळ नाहीत. एका कवितेत इतिहास वाचत बसलेला एक कामगार आहे आणि तो नुसते प्रश्न विचारतो. पुस्तकात राजांची नावं आहेत, मग दगड कोणी वाहिले? जिंकलेल्यांच्या जेवणावळीचा स्वयंपाक कोणी केला? संपली कविता. उत्तर नाही.

हा प्रश्न आपल्या चळवळीला लावून बघा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक, बहुपत्नित्व बंद व्हावं म्हणून. आपण दरवर्षी ही तारीख आठवतो, भाषणं करतो, दलवाईंचं नाव घेतो, ते घ्यायलाच हवं. पण त्या साती जणींची नावं इथे कोण सांगेल? ... बघा. आणि त्या दिवशी घरून निघताना त्यांच्या घरी काय बोलणं झालं असेल? परत आल्यावर? कोणाच्या हातात कोट ठेवला गेला?

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, ब्रेख्त हा मोठा निर्भय माणूस असणार. तसं नाही, आणि हे लपवून त्याला वाचणं म्हणजे त्याला पीर बनवणं.

कॅरोला नेहर नावाची अभिनेत्री होती. ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वर निघालेल्या चित्रपटात तिने नायिका केली होती. तीही हिटलरपासून पळाली, पण सोव्हिएत रशियात. तिथे १९३६ मध्ये तिला अटक झाली आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रेख्तने खाजगी पत्रातून तिची चौकशी केली, उघडपणे मात्र तो काही बोलला नाही. १९४१ मध्ये अमेरिकेला जाताना तो मॉस्कोवरून गेला, तेव्हा ती सोव्हिएत कैदेत होती. पुढच्या वर्षी ती तिथेच मेली. फ्रिट्झ लिहिणारा माणूस इथे स्वतः फ्रिट्झ झाला. ज्या बाजूला आपण न्यायाची बाजू मानतो, तिथला अन्याय बघताना आवाज बसतो, हे त्यालाही चुकलं नाही. 'बाहेरचे टपून बसलेत' हेच कारण तेव्हाही होतं, आणि बाहेर तर खरोखरच हिटलर बसलेला होता.

१९५३ चंही तसंच. १७ जूनला पूर्व जर्मनीत कामगार रस्त्यावर उतरले आणि रशियन रणगाड्यांनी ते मोडून काढलं. ब्रेख्त तेव्हा पूर्व बर्लिनमध्ये मोठं नाटकघर चालवत होता. त्याने सत्ताधारी पक्षाच्या प्रमुखाला पत्र लिहिलं. त्यातलं पक्षाशी निष्ठा सांगणारं तेवढं वाक्य पक्षाच्या वर्तमानपत्राने छापलं, लोकांशी चर्चा व्हायला हवी हा भाग गाळला. त्याच उन्हाळ्यात त्याने सरकारची जबरदस्त टर उडवणारी कविता लिहिली आणि खणात ठेवली. तो जिवंत असेपर्यंत ती छापली गेली नाही. आज त्याची सर्वांत जास्त फिरणारी कविता बहुधा तीच असेल. फॉरवर्ड करणाऱ्यांना ती कवीच्या हयातीत छापलीच गेली नव्हती हे माहीत नसतं.

गॅलिलिओवरचं नाटक त्याने १९३८-३९ मध्ये लिहिलं, तेव्हा चर्चपुढे माघार घेणारा गॅलिलिओ चतुर वाटत होता. शब्द मागे घेतला, पण गुपचूप पुस्तक पुरं केलं. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्यानंतर ब्रेख्तने नाटक बदललं आणि गॅलिलिओच्याच तोंडून त्या माघारीचा निषेध वदवला. आपण निर्माण केलेल्या पात्राला दिलेली सवलत त्याने काढून घेतली. स्वतःला दिलेली काढून घेतली का, यावर त्याच्या चाहत्यांत आजही वाद होतात.

एक पात्र मात्र कोट देत नाही. 'मदर करेज'मधली कॅट्रिन. सतराव्या शतकातलं तीस वर्षांचं युद्ध चालू आहे. कॅट्रिन मुकी आहे, आई सैन्यामागे गाडा ओढत माल विकते. एका रात्री हाले शहरावर अचानक हल्ला होणार आहे, शहर झोपलेलं आहे. बाहेर शेतावर सैनिकांनी एका शेतकरी कुटुंबाला धाक घातला आहे. ते कुटुंब गुडघे टेकून प्रार्थना करू लागतं. कॅट्रिनच्या कानावर पडतं की शहरात लहान मुलं आहेत. ती एक ढोल उचलते, शिडीने छपरावर चढते, शिडी वर ओढून घेते आणि वाजवू लागते. तिला गोळी घालतात. पण शहर जागं झालेलं असतं. आईला मात्र यातून काहीच कळत नाही. ती गाडा जुंपते आणि सैन्यामागे निघते. नाटक पाहून लोकांना आईची दया आली म्हणून ब्रेख्त वैतागायचा. त्याला दया नको होती.

प्रार्थना करणाऱ्यांबद्दल गैरसमज नको. दुआ मागणारी ती माणसं खोटी नाहीत, त्यांची भीती खरी आहे. ब्रेख्तने एवढंच केलं की दुआ आणि ढोल एकाच अंगणात, एकाच वेळी आपल्यासमोर मांडले.

बोलणं पुष्कळ झालं. चहा यायला दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात 'ज्यू बायको' वाचून होईल. ज्युडिथ वाचायला चार जणींनी आधीच नावं दिली आहेत, त्यांनी आपसांत ठरवावं. फ्रिट्झसाठी अजून एकही नाव आलेलं नाही. त्याला फार थोडं बोलायचं आहे. कोण वाचतंय?