कडेच्या दोघी फोटोत आल्या पाहिजेत

आमच्या गटाने अंतर्गत कर्जातून डिजिटल कॅमेरा घेतला. बारसं, डोहाळजेवणाचे फोटो काढायचे ठरलं. पहिल्याच डोहाळजेवणात पंचाईत झाली. खोली १० बाय १२ ची. मी भिंतीला पाठ टेकली, तरी कडेच्या दोघी फोटोत येईनात. त्यातली एक तर सुनेची आजी!

मग वाइड अँगल लेन्सचा विषय निघाला. लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितकं जास्त फोटोत मावतं. आमच्या कॅमेऱ्यासोबत १८-५५ ची लेन्स आली होती. अशा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला छोट्या खोलीत १०-१८ ची बरी पडते. पण एक लक्षात ठेवा, तिच्यात कडेचे चेहरे ताणल्यासारखे रुंद दिसतात. म्हणून कडेला थोडी जागा सोडा, कॅमेरा सरळ धरा, आणि आजीला मधोमध बसवा.

प्रत्येक लेन्स प्रत्येक कॅमेऱ्याला बसत नाही. दुकानात जाताना कॅमेरा सोबत न्या. आम्ही आधी एक दिवस भाड्याने आणून पाहिली, फोटो बैठकीत सगळ्यांना दाखवले, मगच ठराव लिहिला. हप्ता सगळ्या जणी भरणार, तर पारखही सगळ्यांनीच करायला हवी ना?