भूक मारू नका, भूक भागवा



आज आपण रोजच्या एका गोष्टीवर बोलू. गोष्ट लहान आहे. पण आपली सगळी सकाळ तिच्यावर उभी असते. ती गोष्ट म्हणजे न्याहारी.

तुम्ही म्हणाल, "खायचे काय, हे आम्हाला दुसऱ्याने का सांगावे? धान्य तर आम्हीच पिकवतो." खरे आहे. आम्ही तुम्हाला शिकवायला आलो नाही. आम्ही जे पाहिले ते सांगायला आलो आहोत. आम्ही पाहिले ते असे, की धान्य पिकवणाऱ्या घरातच पुष्कळदा सकाळची चूल फक्त चहापुरती पेटते.

थंडीचे दिवस होते. मिरचीची तोडणी चालू होती. आपला नंदुरबार भाग मिरचीसाठी सगळीकडे प्रसिद्ध आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही मजूर बायांबरोबर एका शेतात गेलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. एक बहीण तोडता तोडता सरीतच खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हात थरथरू लागले. बाया धावल्या. कोणी पाणी दिले, कोणी पदराने वारा घातला.

आम्ही विचारले, "ताई, सकाळी काय खाल्लं?"

"चहा पिधा," ती म्हणाली.

"आणि खाल्लं काय?"

"काहीच नही. चहा पिधा का भूक मरी जास."

तिच्या फडक्यात भाकरी बांधलेली होती. पण ती दुपारसाठी. सगळ्या बाया खायला बसतील तेव्हाच आपणही बसायचे, असा तिचा हिशेब. तेवढ्यात एका म्हाताऱ्या आजीने आपली शिदोरी सोडली. तिच्यात कळण्याची भाकरी होती आणि शेंगदाणे घालून कुटलेला ठेचा होता. आजीने अर्धी भाकरी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी पोटोबा, मग मिरची." सगळ्या हसल्या. ती बहीणही हसली. थोड्या वेळाने ती उठली आणि कामाला लागली. त्या दिवशी तिची मजुरी बुडता बुडता वाचली.

पण तिचे बोलणे आमच्या मनात राहिले. "चहा प्यायला की भूक मरते." अगदी खरे आहे. पण भूक मारणे वेगळे आणि भूक भागवणे वेगळे. मारलेली भूक दोन तासांनी पुन्हा उठते. तेव्हा आपण शेतात असतो, रस्त्यावर असतो, नाहीतर मूल शाळेत असते. जवळ खायला काही नसते.

असे का होते? आपल्या चुलीकडे पाहा. चुलीत वाळका पाला टाकला तर मोठा भडका होतो. पण क्षणात राख होते. भाजी शिजत नाही. बाभळीचे लाकूड टाकले तर ते सावकाश जळते. निखारा पुष्कळ वेळ टिकतो. अन्नाचेही तसेच आहे. साखर आणि मैदा म्हणजे वाळका पाला. ते लवकर पचतात, रक्तातली साखर भराभर वाढवतात, आणि मग ती लवकर उतरते. पोट पुन्हा रिकामे वाटते. ज्वारी, बाजरी, डाळ, शेंगदाणा म्हणजे बाभळीचे लाकूड. ते सावकाश पचतात. पोटाला आधार राहतो.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. हैदराबाद येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. आपल्या देशातल्या धान्यांत, डाळींत, भाज्यांत काय काय असते, हे तिथे मोजतात. 2017 साली त्या संस्थेने याचे तक्ते छापले. त्यातले थोडे आकडे आपण पाहू.

100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. बाजरीत दोन्ही सुमारे 11 ग्रॅम असतात. प्रथिने म्हणजे अंग बांधणारा भाग. तंतू म्हणजे धान्याचा चोथा. हे दोन्ही भुकेला लांब ठेवतात. आता मैदा घ्या. 100 ग्रॅम मैद्यात तंतू 3 ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. बिस्कीट, खारी, टोस्ट, बटर हे सगळे बहुतेक मैद्याचेच असतात. वर साखर किंवा तूप-तेल. म्हणून पुडा संपतो, पण पोट भरत नाही.

शेंगदाण्याचे पाहा. 100 ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय तेल असते. अख्ख्या उडदात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. या गोष्टी बाहेरून आणाव्या लागत नाहीत. आपल्या खानदेशातच पिकतात.

म्हणून पोटभर न्याहारीचा एक साधा नियम लक्षात ठेवा. न्याहारीत तीन गोष्टी असाव्यात. पहिली, धान्य. दुसरी, डाळ किंवा शेंगदाणा, नाहीतर दूध, ताक, अंडे यांपैकी एक. तिसरी, काही तरी ताजे, म्हणजे कांदा, भाजी, लिंबू किंवा फळ. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते. डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. दोघे एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. संसारातही असेच असते ना?

आपल्या आजी-पणजीला हा नियम कोणी पुस्तकातून सांगितला नव्हता. तरी त्यांनी कळण्याची भाकरी काढली. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद, थोडे मीठ, आणि एकत्र दळण. त्या भाकरीत धान्यही आले आणि डाळही आली. सोबत शेंगदाण्याचा ठेचा आणि कांदा घेतला की तिन्ही गोष्टी झाल्या. अशा दोन भाकऱ्या सकाळी सातला खाणाऱ्याला दुपारच्या सुट्टीपर्यंत भुकेची आठवण सहसा होत नाही.

रोज कळणाच पाहिजे असे नाही. आणखीही पुष्कळ प्रकार आहेत.

रात्रीची ज्वारीची भाकरी उरली असेल, तर सकाळी ताकात कुस्करा. वर कांदा आणि भाजलेले शेंगदाणे घाला. चूल पेटवायचीही गरज नाही.

रात्री मटकी किंवा मूग भिजत घाला. दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधा. मोड आले की कांदा-मिरचीवर परता. भाकरीबरोबर ही उसळ पोटाला चांगला आधार देते.

ज्वारीचे पीठ रात्री ताकात कालवून ठेवा. सकाळी पाणी घालून शिजवा. ही आंबील म्हाताऱ्यांना आणि दात पडलेल्यांना सोयीची आहे.

बेसनाचे धिरडे करा. त्यात मेथी किंवा कांद्याची पात चिरून घाला.

पोहे करायचे तर जरूर करा. पण मूठभर शेंगदाणे सढळ हाताने घाला आणि लिंबू पिळा. नुसते पोहे लवकर पचतात. शेंगदाणे घातले की तेच पोहे जास्त वेळ टिकतात.

गव्हाची पोळी करत असाल तर पीठ चाळून कोंडा फेकू नका. कोंड्यातच तंतू असतात. रेशनवर आपल्याला जास्त करून गहू आणि तांदूळ मिळतो. त्या गव्हाचा कोंड्यासकट उपयोग करा.

आता तुमच्या अडचणी. त्या आम्ही घरोघरी ऐकल्या आहेत.

कोणी म्हणते, "सकाळी वेळ नसतो." बरोबर आहे. पाणी भरायचे, गुरांचे पाहायचे, पोरांचे आवरायचे, मग कामाला जायचे. ज्या दिवशी काहीच जमणार नाही, त्या दिवसासाठी डब्यात फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ ठेवा. दोन मुठी खा आणि वर पाणी प्या. हे बिस्किटापेक्षा कितीतरी बरे. एक मात्र पाहा. शेंगदाण्याला बुरशी आली असेल किंवा तो कडू लागत असेल, तर टाकून द्या. त्या बुरशीत विष असते. निवडून, धुऊन ते जात नाही.

कोणी म्हणते, "पैसे लागतात." आम्ही म्हणतो, हिशेब करून पाहा. घरात चार पोरे. रोज सकाळी एक-दोन पुडे बिस्किटे. महिन्याचे किती झाले? तेवढ्याच पैशांत किती शेंगदाणे, किती मटकी येते? लिहायला शिकला आहात, तर हा हिशेब वहीत मांडा. उत्तर तुमचेच तुम्हाला सापडेल.

कोणी म्हणते, "पाहुण्यासमोर भाकरी ठेवायला लाज वाटते." ही लाज आता सोडून द्या. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष सगळ्या जगात भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. भरडधान्य म्हणजे आपली ज्वारी, बाजरी, नाचणी, भगर. जिला आपण गरिबाची भाकरी म्हणतो, तिचे जगाने कौतुक केले. शहरातली माणसे आज ती मुद्दाम विकत घेऊन खातात. आणि आपण ज्वारी विकून बिस्किटे आणतो!

आता मुलांविषयी. शाळेत दुपारी आहार मिळतो. ही योजना देशात 1995 साली सुरू झाली. ती चांगलीच आहे. पण ते दुपारचे झाले. सकाळच्या तासांचे काय? उपाशी पोराचे लक्ष फळ्याकडे नसते, घंटेकडे असते. मग गुरुजी म्हणतात, पोर मठ्ठ आहे. पोर मठ्ठ नसते. पोर भुकेले असते. त्याला अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ किंवा दूध देऊनच घराबाहेर पाठवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे बोलणे आमच्या बहिणींसाठी आहे. भाऊ, तुम्हीही ऐका. घरात बाई सगळ्यांना वाढते आणि शेवटी खाते. उरले तर खाते. नाही उरले तर चहा पिते. सरकारने 2019 ते 2021 या काळात देशभर पाहणी केली. तिच्यात आपल्या महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 100 तल्या 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून जास्त. मिरचीच्या सरीत बसलेली ती बहीण एकटी नाही.

चहा सोडा, असे आम्ही म्हणत नाही. चहा आम्हीही पितो. पण चहाने भाकरी-भाजीतले लोह अंगाला नीट लागत नाही. लोहाने रक्त वाढते. म्हणून खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. आणि भाकरीवर लिंबू पिळा, नाहीतर पेरू, आवळा खा. त्याने लोह चांगले लागते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. वारंवार चक्कर येत असेल, दम लागत असेल, तर नुसत्या न्याहारीवर विसंबू नका. आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि जे गोळ्या किंवा सुई घेतात, त्यांनी सकाळी उपाशी राहू नये. त्यांच्या रक्तातली साखर एकदम उतरू शकते. काय आणि किती खायचे ते डॉक्टरांना विचारावे. गूळही त्यांनी विचारूनच खावा. दुसरे असे, की रात्रीची भाकरी सकाळी चालते, पण रात्रभर उघड्यावर राहिलेला भात खाऊ नका. उन्हाळ्यात तर मुळीच नको. तो पुन्हा गरम केला तरी पोट बिघडवू शकतो.

आमचे बोलणे संपत आले. त्या शेतातल्या आजीला आम्ही नंतर विचारले, "आजी, तुम्ही घरून खाऊन निघता का?" आजी म्हणाली, "बैलाले चारा टाक्याशिवाय कोणी आऊतले जुपस का? मंग मीच का उपाशी जाऊ?"

आजीने एका वाक्यात सगळे सांगितले. बैलाला आपण उपाशी जुंपत नाही. मग घरच्या बाईला उपाशी कामावर कसे जाऊ देतो?

म्हणून उद्या सकाळी एक काम करा. घरातले सगळे न्याहारीला एकदमच बसा. चुलीपुढच्या माउलीलाही बसवा. तिच्या ताटात भाकरी पडली की नाही, ते बाकीच्यांनी पाहायचे. तिचे खाणे झाल्याशिवाय कोणी घराबाहेर पाऊल टाकायचे नाही. असे आठ दिवस करून पाहा. पुढच्या वेळी आम्ही येऊ, तेव्हा काय फरक पडला ते तुम्ही आम्हाला सांगा. तेव्हा बोलायचे तुम्ही, आणि ऐकायचे आम्ही.

रामराम.