आधी तुम्ही गुडघे टेका
(प्रौढ स्वयंसेवकांच्या शिबिरातलं भाषण)

दोस्तांनो, एन.सी.सी. १९४८ सालची. प्रथमोपचार अभ्यासक्रमात आहेच. पण आमचे मास्तर फळ्यावर माणूस काढायचे, आम्ही वहीत उतरवायचो. एकदा भर उन्हात परेडला पोरगा कोसळला. आम्ही सगळे सावधानमध्ये उभे! झाडूवाल्या मावशीनं त्याला सावलीत ओढला, अंग ओलं केलं. तिला कुणी शिकवलं होतं?

भाजलं तर टूथपेस्ट नको, २० मिनिटं वाहतं पाणी. मोठा माणूस बेशुद्ध, श्वास बंद, तर छातीच्या मधोमध दाबा, ५-६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे ऐकून येत नाही, घाम निघतो. म्हणून पोरांआधी तुम्ही गुडघे टेका.

काल एकानं विचारलं, ''कुणाच्याही अंगाला हात लावायचा?'' होय साहेब, कुणाच्याही. जमत नसेल तर पोरांपुढं उभे राहू नका.

चला, सतरंजी पसरा.