पट्टा बदलायचा कधी?

(स्वारगेट, पुणे येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत भाव आहे, वीजबिल आहे आणि शेवटी 'गाडीचा पट्टा' आहे. तो वाचून काहीजण हसले. पण इथून हाकेच्या अंतरावर गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. तिथे पहाटे पोचलेल्या मेथीला एक भाव आणि दहा वाजता पोचलेल्या मेथीला दुसरा. दिवे घाटात गाडी बसली तर तिसरा, म्हणजे शून्य. तेव्हा हा विषयही भावाचाच आहे.

ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला टायमिंग बेल्ट ठाऊक नसतो, कारण ट्रॅक्टरच्या इंजिनात हे काम सहसा गिअर करतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि मिटतात. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ मोटारीत या कामाला दातेरी रबरी पट्टा लावला. पट्टा स्वस्त, हलका, आवाज न करणारा आणि तेल न मागणारा. आपल्याकडे मारुती ८००, इंडिका डिझेल आणि त्याच कुळातले इंजिन घेऊन २००५ साली आलेला छोटा हत्ती, या सगळ्यांत पट्टाच. उलट स्विफ्ट डिझेलला साखळी होती. तेव्हा शेजाऱ्याचे ऐकून ठरवू नका. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडा. ते ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली असते.

पट्टा तुटला तर काय होते? कॅम जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतो. डिझेल इंजिनात दाब जास्त, म्हणून पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा अगदी थोडी. पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही संपते. एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पाय कितीही रेटा. हे उतारावर, मागे टनभर माल असताना घडले तर प्रश्न पैशाचा राहत नाही. आणि अशी बंद पडलेली गाडी चार जणांनी धक्का मारून चालू करण्याचा जो आपला जुना उपाय आहे, तो इथे करू नका. जे व्हॉल्व्ह वाचले असतील तेही जातील.

आता खरा प्रश्न. कृषी महाविद्यालयात आम्हाला शिकवले की दिसल्याशिवाय फवारू नका. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीसाठी औषध, त्याआधी नाही. आम्ही वीस वर्षे गावोगाव हेच सांगत आलो. पट्ट्याला हा नियम लागू नाही. अळी सापळ्यात येऊन वर्दी देते, पट्टा देत नाही. त्याच्या आतले काचधाग्याचे दोर झिजतात तेव्हा वरून रबर काळेभोर, तुकतुकीत दिसते. चिरा दिसल्या, कडेचे धागे निघाले किंवा तेल झिरपून पट्टा ओला झाला तर लगेच बदला. पण चिरा नाहीत म्हणून पट्टा चांगला, असे मात्र नाही. त्यामुळे तो पाहून नव्हे, मोजून बदलायचा.

मोजायचे काय? किलोमीटर आणि वर्षे, दोन्ही. पुस्तकात जे दिले असेल त्यातले जे आधी येईल ते. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचाही पट्टा उन्हाने आणि वयाने कडक होतो. तिसरे माप पुस्तकात सापडेलच असे नाही, आमच्या मते तेही धरावे. बाजाराच्या दारात तास-तास उभे ठेवलेले चालू इंजिन. काटा हलत नाही, पट्टा मात्र फिरत असतो. ट्रॅक्टरचा हिशोब आपण तासांत ठेवतो, मग पिकअपचा का नाही? धूळवाट, ओझे आणि घाट असेल तर मुदतीआधीच काम करून घ्यावे.

हिशोब करू. समजा पट्टा, टेन्शनर आणि मजुरी मिळून आठ हजार आणि मुदत साठ हजार किलोमीटर. किलोमीटरला तेरा पैसे झाले. सासवडहून यार्डात येऊन-जाऊन साठेक किलोमीटर, म्हणजे खेपेला आठ रुपये. आता कोणी म्हणेल, आणखी दहा हजार किलोमीटर रेटू. वाचले किती? तेराशे. हेडचे काम चाळीस हजारांचे धरा. त्या दहा हजार किलोमीटरमध्ये पट्टा तुटण्याची शक्यता तीसात एक असली तरी वाचवलेले तेराशे गेले. यात माल धरलेला नाही, घाटातला ब्रेकही नाही. मुदत उलटल्यावर ती शक्यता दर महिन्याला वाढतच जाते. हे आठ रुपये आपल्या उत्पादनखर्चात कुठे लिहिलेले असतात? डिझेल लिहितो, टोल लिहितो, झीज लिहीत नाही. मग कमी खर्च दाखवून भाव मागायला जातो.

एसटीकडे पाहा. समोर स्वारगेटचे आगार आहे. एसटीची गाडी बंद पडण्याची वाट पाहत नाहीत, किलोमीटर भरले की डॉकिंगला घेतात. एसटीला नावे ठेवणारे आपण, पण ही एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

जुनी गाडी घेतली असेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. काटा फिरवता येतो. पट्टा बदलल्याचे बिल हातात नसेल तर बदललेला नाही असेच धरा आणि पहिल्याच महिन्यात काम करा. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग नवे टाका. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. मजुरी एकदाच पडते आणि जुने बेअरिंग अडकले तर नवा पट्टाही जातो. नाना पेठेत सामान घ्याल तर पक्के बिल मागा, जुना पट्टा मेकॅनिककडून मागून घ्या. बदलल्याची तारीख आणि काट्यावरचा आकडा दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा, कारण वही हरवते.

बैठक संपल्यावर बाहेर ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत त्यांनी काट्याचे आकडे आणि पट्टा बदलल्याचे साल आमच्याकडे द्यावे. ज्यांना साल आठवत नाही त्यांनी तसेच लिहावे. पुढल्या बैठकीआधी आठ-दहा गाड्यांचे काम एकत्र काढले तर मजुरीत घासाघीस करता येईल.